ओरखडेसाहेबांचा हौदा

"गाडीला ओरखडा पडतो तो गाडीच्या नशिबाने नव्हे, मालकाच्या गाढवपणाने!" असं ओरखडेसाहेब ऑफिसात दिवसातून निदान चारदा तरी म्हणत. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे आणि ओरखडे पट्टीने मोजून मोजून त्यांना हे नाव चिकटलं होतं. अशा माणसाने स्वतःची गाडी घेतली. तीही साधीसुधी नाही, डोंगरदऱ्यांत धावणारी, चारही चाकांना जोर असलेली पिकअप!

तीन महिन्यांत ती गाडी एकाही डोंगरावर गेली नाही. ती जायची फक्त अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. पुढे माजलेल्या रेड्यासारखा लोखंडी गार्ड बसला. दगडधोंड्यांपासून रक्षण म्हणून पोटाखाली जाड पत्रा बसला. टपावर दिव्यांची पट्टी बसली. ती एकदा सहज लावून पाहिली, तर समोरच्या इमारतीतले आजोबा घरात गॉगल लावून बसले. मग बॉनेटच्या बाजूने एक काळं नळकांडं वर टपापर्यंत चढलं.

"हे काय आणि?" बायकोने विचारलं.

"स्नॉर्केल! नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून."

"अहो, तुम्हाला पोहता येत नाही. गाडी श्वास घेईल, तुम्ही काय घेणार?"

साहेबांनी गाडीबद्दल बायकांना काही कळत नाही, असा चेहरा केला आणि नळकांडं पुसायला घेतलं.

बायकोच्या डोक्यात वेगळाच घोर होता. तिची आई दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई. गुडघे कुरकुरत होते, पण लेकीकडे यायला तयार नव्हती. दोन वर्षं विनवण्या केल्यावर शेवटी ती हो म्हणाली, ते एकाच अटीवर. "माझं कपाट येणार असेल तर मी येणार. ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने केलंय."

"आई, कपाट माझ्या पिकअपमधून येईल. फुलासारखं!" साहेबांनी फोनवर छाती ठोकून सांगितलं.

रविवार ठरला. आणि शुक्रवारी संध्याकाळी साहेबांच्या लक्षात आलं, की कपाटाने आपल्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्याला ओरखडे पडतील!

झालं. दुकानातून रबरी लेपाचा डबा आला. "साहेब, हा हौद्यात लावला, की वर ठेवलेली वस्तू तसूभर हलायची नाही," दुकानदार म्हणाला होता. साहेबांनी गुडघ्यांवर बसून, ब्रश घेऊन, हौदा असा काही माखला की डांबरी रस्ता लाजावा.

रविवारी सकाळी बायकोने डबा वाचला. "यावर लिहिलंय, बहात्तर तास वाळू द्या."

"ते अडाण्यांसाठी. मी कालच दोन तास ड्रायर फिरवलाय."

"कुठला ड्रायर? माझा केसांचा?"

"बघ, हात लाव! वाळलंय की नाही?"

वरून वाळलं होतं, हे खरं. पण आतून काय शिजत होतं, ते त्या लेपालाच ठाऊक.

सासूबाईंच्या दारात चार हमालांनी कपाट चढवलं. सासूबाई वॉर्डात फेरी मारल्यासारख्या भोवती फिरत होत्या. "तू, डावीकडचा, पाठ सरळ ठेव! हळू! पेशंट आहे असं समजा!" कपाट हौद्यात उभं राहिलं. मग भर दुपारच्या उन्हातून, खड्ड्याखड्ड्यांतून, गाडी निघाली. कपाट जरासुद्धा डुललं नाही.

"पाहिलंत आई? हललं का?" साहेब दर खड्ड्याला विचारत होते.

"नाही हो, कमाल आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

घरासमोर गाडी थांबली. साहेब, इमारतीचे सेक्रेटरी आणि दोन शेजारी हौद्यात चढले. "एक, दोन, तीन!" कपाट हललं नाही. पुन्हा जोर लावला. गाडी पाळण्यासारखी डोलली, पण कपाट जिथल्या तिथे!

"आत काय भरलंय, आई? दगड?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"कपाट रिकामं आहे, जावईबापू. कपडे माझ्या पिशवीत आहेत."

बायकोने वाकून पाहिलं. कपाटाची अख्खी तळफळी लेपात रुतून बसली होती, आणि उन्हाने बाकीचं काम चोख केलं होतं. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात बहात्तरच्या बहात्तर तास होते.

साहेबांनी दुकानदाराला फोन लावला. "अहो, तो लेप काढायचा कसा?"

"काढायचा कशाला साहेब? दहा वर्षं काढायची गरज नाही!"

"वर कपाट चिकटलंय!"

"मग? हललं का?" दुकानदाराच्या आवाजात अभिमान होता.

साहेब इरेला पेटले. त्यांनी कपाटाला गोधड्या गुंडाळल्या, त्यावर जाड दोर बांधला, दोराचं दुसरं टोक इमारतीच्या फाटकाला बांधलं. "गाडी हळूच पुढे घेतो. कपाट मागे राहील. साधं विज्ञान आहे!"

"फाटकाला विचारलंत का?" सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी चारही चाकांचा जोर लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच! गाडी पुढे गेली, कपाट गाडीबरोबर गेलं, आणि खडाड्कन आवाज करत फाटक कपाटाच्या मागोमाग आलं.

संध्याकाळी सुतार आला. त्याने टिचकी मारून, कान लावून, डॉक्टरांसारखं निदान सांगितलं. "कपाटाचा तळ कापावा लागेल."

"माझ्या कपाटाला करवत लावलीस तर तुझी बोटं मोजून घेईन!" सासूबाई गरजल्या. सुताराने करवत पाठीमागे लपवली.

पुढचे चार दिवस विचारू नका. साहेब बसने ऑफिसला जाऊ लागले. सासूबाईंचा हट्ट, कपडे कपाटातच राहणार. त्या रोज सकाळी स्टुलावरून हौद्यात चढायच्या, घड्या लावायच्या आणि वरूनच शेजारणींची विचारपूस करायच्या. "काय हो, तुमच्या मिस्टरांचा खोकला कसा आहे?" शेजारणी खालून मान वर करून उत्तरं द्यायच्या. पाचव्या दिवशी उतरताना सासूबाईंचा गुडघा लचकला.

त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट! शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, कपाट गाडीतच आहे, तर मला तसंच परत नेऊन सोडा. माझ्यामुळे तुमची अडचण नको."

आईसाठी धुऊन ठेवलेल्या उशांच्या खोळी बायकोने दोरीवरून काढल्या आणि कोपऱ्यात बसून त्यांच्या घड्या घालायला लागली. एकच खोळ तिने तीनदा घडी केली. साहेबांनी ते पाहिलं. मग ते खाली गेले, गाडीभोवती एक चक्कर मारली, गार्डवरून हात फिरवला आणि वेल्डरला बोलावून आणलं.

"कुठे कापायचं?" वेल्डरने ग्राइंडर हातात घेत विचारलं.

"हौदा काप," साहेब म्हणाले.

"साहेब, नवी गाडी..."

"काप म्हणतो ना! आणि लाकडाला धक्का लागला तर बघ!"

ग्राइंडर किंचाळला. साहेबांनी आयुष्यात लाखभर ओरखडे डोळे उघडे ठेवून मोजले होते, हा मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला.

अखेर कपाट खोलीत उभं राहिलं. खाली गाडीचा रबर लावलेला चौकोनी तुकडा, पायपुसण्यासारखा चहूबाजूंनी बाहेर आलेला. सासूबाई त्यावर उभ्या राहिल्या. डावा पाय दाबला, उजवा पाय दाबला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पाय अजिबात सरकत नाही हो यावर! गुडघ्याला किती आधार वाटतो."

साहेबांचा चेहरा खुलला. कपाट चिकटल्यापासून त्यांच्या एखाद्या वस्तूचं हे पहिलंच कौतुक!

"बाथरूममध्ये फार घसरतं बाई तुमच्याकडे," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मागे अजून निम्मी गाडी शिल्लक आहे ना?"