शामरावकाकांची तार

शामरावकाका सुई टोचली की पेशंटच्या कानाशी वाकून विचारायचे, "तार पोचली का?"

पांढरकवड्यात त्यांनी तीस वर्षं पोस्टाच्या तारा वाटल्या. निवृत्तीनंतर नागपूरला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले. दुखणं कुठंही असो, ते कळतं मेंदूलाच, म्हणून तार मेंदूला करायची, असं त्यांचं म्हणणं. फी नव्हती.

त्या वर्षी कापसाचं सगळंच बसलं होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या अर्ध्या जिनिंग गिरण्या बंद होत्या. आई एका चालू जिनिंगमध्ये कापूस उचलायची, आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मुकादमानं बजावलं होतं, "सोमवारी हात चालला नाही तं दुसरी बाई लावतो."

मी बी.एस्सी.ला होते, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. सुईनं मेंदूत हालचाल होते आणि तो स्वतःच वेदना शमवणारी द्रव्यं सोडतो, असं वाचलं होतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही वाचलं होतं. ते आईला सांगायचं धाडस झालं नाही. "सुई घेऊ," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन. रविवारी काकांची सुई पाहून आई म्हणाली, "आन् औषध? हे तं रिकामीच हाये!"

"औषध तुमच्या टकुऱ्यात हाये, वहिनी."

त्यांनी सुई पोटरीत टोचली. आई भडकली, "खांदा दुखते न् पायात काहून?"

"पत्ता मेंदूचा हाये. कोठूनबी टाका, तार तिथंच जाते. हलवा हात."

हात थोडा उठला, आणि आईचा चेहरा एकदम पांढरा पडला. ती कलंडली.

काकांनी सुई काढली, तिला आडवं केलं, दोन्ही पाय उचलून धरले. "जेवल्या होत्या का?"

"नाही." रक्त तपासायच्या सुईला उपाशी जातात, तशीच ती आली होती. जेवून घे म्हणायला मला सुचलंच नव्हतं. "काका, चूक माझी..."

त्यांना ऐकू गेलं नाही. ते आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत पुटपुटत होते. "माह्या बायकोचे, सुमनचे पाय असेच धरून बसलो होतो, कॅन्सरमधी. तवा मले हे काहीच येत नव्हतं. नुसते धरून बसलो."

आईनं डोळे उघडले. मी साखरपाणी पाजलं. तिनं आधी उजवा हात उचलून पाहिला. खांद्यावरून पुढं गेला, कानाला लागला. मला रडूच आलं.

काकांनी पाय सोडले नव्हते. आई कोणाला पायाला हात लावू देत नाही. मी काकांना पाय सोडा म्हणून सांगायला वाकले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि तशीच पडून राहिली.