थोरले हजर आहेत

‘आपण उपस्थित आहात का?’ पडद्यावर चौकट उमटली. धाकटीने ‘होय’वर टिचकी मारली आणि हनुवटी पुन्हा तळहातावर टेकली. सकाळपासून हेच चाललं होतं. संगणक मध्येच विचारायचा, ती होय म्हणायची. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्याइतकंच आता त्या दोघांत बोलणं उरलं होतं.

वकिलांच्या परिषदेने नियम केला होता. दोन वर्षांतून एकदा प्रत्येक वकिलाने संगणक आणि इंटरनेटच्या कायद्याचा दिवसभराचा वर्ग करायचा, पडद्यासमोर बसून. जो करणार नाही त्याची सनद थांबणार, आणि सनद थांबली की कोर्टात तोंड उघडता येत नाही. ऑफिसच्या मेलवर महिनाभर स्मरणपत्रं येत होती, ‘आपला वर्ग अपूर्ण आहे, ही शेवटची संधी.’ आज शनिवार होता आणि सोमवारी तिला तोंड उघडायचंच होतं. शिंपीणबाईंच्या दुकानाची केस होती. मालकाला त्यांना बाहेर काढायचं होतं. केस वडिलांची, त्यांनी हाती घेतलेली शेवटची. चार महिन्यांपूर्वी ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या शिंपीणबाई डोळे पुसून म्हणाल्या होत्या, “आता तुम्हीच बघा. नव्या वकिलाला सगळं पहिल्यापासून सांगत बसायला माझ्यात त्राण नाही.”

कोर्टात वडिलांना सगळे थोरले म्हणत आणि तिला धाकट्या. थोरले गेले तरी तिची बढती झाली नव्हती. केस पिकायला लागले होते, पण ती आपली धाकटीच.

तिचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. म्हणून ती वडिलांच्या खोलीत, वडिलांच्या संगणकासमोर, वडिलांच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची डावीकडे कलायची. थोरले उजवीकडे रेलून तिचा तोल सांभाळत. धाकटीला ती युक्ती साधत नव्हती, त्यामुळे सकाळपासून तिला सगळा कायदा तिरका दिसत होता.

पडद्यावरचे प्राध्यापक ऑनलाइन तोतयेगिरीवर बोलत होते. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडणं, दुसऱ्याच्या नावाने आत शिरणं, दुसऱ्याच्या नावाने वावरणं. आवाज गोड होता, त्यामुळे झोप जास्तच येत होती.

“आता हे सगळं तुम्हाला कंटाळवाणं वाटेल,” प्राध्यापक म्हणाले, “पण शिकायला वय नसतं, याचा पुरावा आज आपल्यातच आहे. प्रत्यक्ष थोरले साहेब सकाळपासून एकदाही न उठता बसलेत! साहेब, धन्य आहात.”

हे आणखी कोण थोरले, म्हणून धाकटीने कौतुकाने पडद्यावरच्या चौकोनांतून नजर फिरवली. कोपऱ्यातल्या चौकोनात तिचे वडील होते. काळा डगला, पांढरा बो आणि मिटलेले डोळे. फोटो काढताना नेमका फ्लॅश पडला होता आणि ‘एवढं चालतं’ म्हणून त्यांनी तोच लावला होता. खाली त्यांचं नाव, आणि नावापुढे हिरवा ठिपका.

तिच्या चौकोनात ते होते. म्हणजे तिचा चौकोन नव्हताच.

“अहो!” तिने बाहेर हाक मारली. कारकून दारात आले. ऑफिसात ते तिच्याहूनही जुने होते. “हे खातं कोणाचं उघडून दिलंत?”

“साहेबांचं,” कारकून म्हणाले. “रोज तेच उघडतो.”

“रोज? अजून?”

“पडद्यावर दोन नावं येतात. एक साहेबांचं, एक तुमचं. सवयीने वरच्यावर बोट जातं.” ते जरा थांबले. “आणि खालच्यावर ठेवावंसं वाटत नाही.”

ती स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या नावाने आत शिरायला गेली, तर ‘प्रवेशाची वेळ संपली आहे’ असं आलं. बाहेर पडायला गेली, तर ‘आत्ता बाहेर पडल्यास आजची हजेरी रद्द होईल’ असं आलं. मग तिने टेबलावरच्या फोनवरून मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ थांबवून ठेवणारी पेटीची धून ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

“बोला मॅडम.”

“माझी हजेरी चुकून वडिलांच्या नावावर लागतेय. ती माझ्या नावावर करून द्या.”

“खातेदारांना फोन द्या.”

“ते नाहीत.”

“कधीपर्यंत येतील?”

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न तिला इतक्या खिडक्यांवर विचारला गेला होता की तिला आता रागही येत नसे. विजेच्या ऑफिसात साहेबांनी समक्ष यावं म्हणून सांगितलं होतं. वाचनालयाने त्यांना उशिराबद्दल समज दिली होती. एका ठिकाणी तर ते हयात नसल्याबद्दल त्यांचीच सही हवी होती.

“ते वारले,” ती म्हणाली. “चार महिने झाले.”

पलीकडे कळफलक बडवल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

“मॅडम, पण ते आत्ता वर्गात आहेत.”

“ती मी आहे.”

“सकाळपासून प्रत्येक वेळी उपस्थित म्हणालेत.”

“मीच म्हणाले.”

“म्हणजे तुम्ही त्यांच्या नावाने बसलाय?” आवाज एकदम खाली आला. “मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

पडद्यावर प्राध्यापक नेमके शिक्षेच्या कलमापाशी पोचले होते. ‘तुरुंगवास’ हा शब्दही त्यांच्या तोंडून गोडच वाटत होता.

“अहो, चूक झाली. दुरुस्त करायला काय करावं लागेल तेवढं सांगा.”

“खातेदाराची संमती. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो, तो मला सांगा. लाइन चालू ठेवा.”

थोरल्यांचा मोबाइल घरी आईजवळ होता. आई तो रोज रात्री चार्जिंगला लावायची आणि रोज सकाळी काढून देवघरापाशी ठेवायची. कशासाठी, ते तिला कोणी विचारलं नव्हतं. धाकटीने एका कानाला मदतकेंद्र धरलं, दुसऱ्या कानाला आपला मोबाइल लावून आईला फोन केला.

“आई, बाबांच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा वाचून दाखव.”

“कसला नंबर?”

“ओटीपी.”

“कोण बोलतंय?” आईचा आवाज कडक झाला.

“अगं, मी!”

“मी म्हणजे कोण? ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. यांनी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.”

“आई, माझा आवाज ओळखत नाहीस?”

“आवाज हल्ली कोणाचाही काढतात. परवा तूच सांगितलंस. म्हणजे, तू ती असशील तर.”

धाकटीने डोळे मिटले. तेवढ्यात चौकट उमटली. तिने कोपराने ‘होय’ दाबलं.

“मग विचार काहीतरी. तुझ्या मुलीलाच माहीत असेल असं.”

आईने विचार केला. “लहानपणी माझी मुलगी कशाला घाबरायची?”

“कशालाच नाही.”

“चूक. झुरळाला.”

“झुरळाला बाबा घाबरायचे, आई! टेबलावर चढून बसायचे!”

पलीकडे आई हसली.

“हो गं,” आई म्हणाली. “आणि वरून मला म्हणायचे, मी घाबरलो नाही, उंचावरून नीट दिसतं.” तिने नाक ओढलं. “थांब, चष्मा आणते.”

चष्मा शोधण्यात नंबर शिळा झाला. मदतकेंद्राने दुसरा पाठवला. तोवर आईने फोन उलटा धरला होता. तिसरा आला, तेव्हा आईने मजकूर पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतला. “‘हा क्रमांक कोणालाही सांगू नये.’ बघ, यांचंही तेच म्हणणं आहे.”

“आई, पुढे वाच!”

“पुढे तो नंबरच असेल. पण तो सांगायला मी आदरपूर्वक असहमत आहे.”

हे थोरल्यांचं वाक्य होतं. न पटणाऱ्या गोष्टीला ते नेहमी आदरपूर्वक असहमत असत, मग समोर न्यायाधीश असो, पथ्य सांगणारा डॉक्टर असो की भाजीत मीठ बरोबर आहे म्हणणारी बायको. आणि जे करायचं नसे त्याला ते ‘बघतो’ म्हणत. वकिलाचं बघतो म्हणजे पुढची तारीख, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

इकडे वर्ग संपत आला होता. “शेवटी,” प्राध्यापक म्हणाले, “थोरल्या साहेबांनी आपल्याला दोन शब्द सांगावेत अशी माझी विनंती आहे. साहेब, तुमचा माइक मीच चालू करतो.”

धाकटीने हे ऐकलं नाही. तिचे दोन्ही कान भरलेले होते.

“आई, तो नंबर दे गं आता!” ती ओरडली. “सकाळपासून मी बाबांच्या नावाने बसलेय! पकडले गेले तर सनद जाईल माझी!”

शब्द पडद्यातून घुमून परत तिच्याच अंगावर आले. वर्गभर पसरलेल्या दोनशे चौकोनांतून दोनशे वकील तिच्याकडे, म्हणजे डोळे मिटलेल्या थोरल्यांकडे बघत होते. दिवसभर ज्यांचे कॅमेरे बंद होते, त्यांचेही आता चालू झाले होते.

“हे,” प्राध्यापक सावकाश म्हणाले, “आजच्या विषयाचं फारच उत्तम उदाहरण आहे.”

मग तिला सांगावंच लागलं. थोरले चार महिन्यांपूर्वी गेले. ती त्यांची मुलगी. खातं चुकून उघडलं. बोलताना ती पडद्याकडे न बघता टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होती. कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. प्राध्यापकांनी वर्ग संपल्याचं जाहीर केलं, पण एकही माणूस हलला नाही.

“मला कळलंच नाही हो,” प्राध्यापक म्हणाले. “मी गावात नव्हतो. म्हणजे तुम्ही धाकट्या. पण मग तुम्ही आज कशाला बसलात? गेल्या वर्षीच तुमचा वर्ग झालाय.”

“माझा? नाही. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मी दवाखान्यात होते.”

“अहो, असं कसं? माझा आणि तुमचा किती वाद झाला! दिवसभर तुम्ही लिहून प्रश्न टाकत होतात. माझ्या प्रत्येक मुद्द्याला तुम्ही आदरपूर्वक असहमत होतात. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, पोरगी अगदी बापावर गेलीय.”

धाकटीने डबीवरून नजर उचलून कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघितलं.

“आणि चहाची सुट्टी फार लहान आहे,” प्राध्यापकांनी आठवून सांगितलं, “अशीही तुमची लेखी हरकत होती.”

धाकटी चहा पीत नव्हती.

“मॅडम,” डाव्या कानात मदतकेंद्र म्हणालं, “मी तुमचंही नाव तपासलं. तुमचा वर्ग गेल्या वर्षीच पूर्ण आहे. सनदेला काही धोका नाही. अपूर्ण होता तो तुमच्या वडिलांचा. स्मरणपत्रं त्यांना जात होती. वर नाव असतं बघा.”

तिने वर बघितलंच नव्हतं. अपूर्ण आहे म्हटल्यावर ते आपलंच असणार, याची तिला इतकी खात्री होती.

“अगं,” उजव्या कानात आई म्हणाली. प्राध्यापकांचं सगळं बोलणं तिने फोनवरून ऐकलं होतं. “त्या दिवशी हे संध्याकाळी दवाखान्यात आले ना, तेव्हा तू माझ्या पायथ्याशी बसल्या बसल्या झोपली होतीस. मला म्हणाले, हिला उठवू नकोस, हिच्या त्या संगणकाच्या वर्गाचं मी बघतो म्हटलं होतं, ते बघून आलोय. मला वाटलं, नेहमीसारखंच म्हणतायत.”

प्राध्यापकांचा माइक चालू होता, पण ते खिडकीबाहेर बघत होते. तोतयेगिरीच्या शिक्षेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मग एकेक चौकोन मालवत गेला. शेवटी डोळे मिटलेले थोरले तेवढे राहिले.

“सापडला गं नंबर!” आई एकदम म्हणाली. “चौथा आलाय. पटली मला तुझी ओळख, सांगते. लिहून घे.”

“नको आई,” धाकटी म्हणाली. “कोणालाही सांगू नकोस.”

“मॅडम,” मदतकेंद्राने घसा साफ केला, “तुमच्या वडिलांचा वर्ग आज पूर्ण झालाय, शंभर टक्के हजेरीसह. प्रमाणपत्र निघालंय. पण खातेदार हयात नाहीत हे आता आम्हाला कळलंय, तर खातं बंद करावं लागेल. तो ओटीपी सांगितलात की आत्ता करतो. करायचं का?”

धाकटी खुर्चीत जरा उजवीकडे रेलली. खुर्ची सरळ झाली. कोपऱ्यातला हिरवा ठिपका अजून तसाच होता.

“बघते,” ती म्हणाली.

मदतकेंद्रातल्या त्या पोराच्या घरात कोणी वकील नसावं.

“म्हणजे कधी मॅडम?” त्याने विचारलं. “आज की उद्या?”