आईच्या वजनाचा ग्राफ

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की दर आठवड्याला आईचं वजन करा आणि पुढच्या वेळी मला आकडे सांगा. निमूटपणे सांगून मोकळा झालो असतो, तर आज तुमच्यापुढे हे रडगाणं गायची वेळ आली नसती. पण आमच्या ऑफिसात नुकतंच कॉम्प्युटरचं ट्रेनिंग झालं होतं आणि नवी विद्या मला स्वस्थ बसू देईना. मी ठरवलं, आकडे तोंडी सांगायचे नाहीत. ग्राफ काढायचा.

वडील गेल्यापासून आमचं घर मुकंच झालंय. आई पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असते, ताटातलं अर्धं तसंच ठेवते आणि काय बघतेस विचारलं तर 'काही नाही' म्हणते. माझी ताई आणि धाकटा भाऊ दूरच्या शहरांत. रविवारी दोघांचे फोन येतात, जेवलीस का, झोपलीस का, एवढं होतं, आणि बोलणं संपलं तरी आई बराच वेळ फोन हातात धरून बसते. मला ते बघवत नाही. (म्हणून मी त्या वेळी स्वयंपाकघरात जातो. असा मी शूर.)

तर ग्राफ. आकडे भरले, बटण दाबलं आणि पडद्यावर रेघ उमटली. डावीकडे वरच्या कोपऱ्यातून निघून ती थेट उजवीकडे तळाला आपटली होती. मी ती लाल केली. मग जाड केली. (महत्त्वाचं ते ठळक करा, असं शिकवलं होतं.)

मग वाटलं, नुसती रेघ कोरडी दिसते, वर आईचा फोटो हवा. फोटोत तिच्यामागे गॅसचं सिलिंडर होतं. ते पुसायला गेलो तर आईचा अर्धा कान गेला, म्हणून कडा जरा धूसर केल्या. आता आई ढगातून डोकावल्यासारखी दिसायला लागली. तिची हिरवी शाल लाल रेघेशी भांडत होती, म्हणून अख्खा फोटोच काळा-पांढरा करून टाकला. चौकटीशिवाय उघडा वाटत होता, म्हणून भोवती काळी चौकट घातली. चांगली जाड.

बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, हे काय केलंत?"

"ग्राफ."

"मला बघूनच कसंतरी होतंय. डॉक्टरांना काय दाखवायचं ते दाखवा, पण दुसऱ्या कोणाला पाठवू नका हं."

"पाठवला."

घरच्या ग्रुपवर मी तो केव्हाच टाकला होता. सोबत एक अक्षरही लिहिलं नव्हतं. चांगल्या ग्राफला शब्द लागत नाहीत, असं ट्रेनिंगवाले म्हणाले होते. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अरे, केव्हा झालं?"

"आत्ताच, जेवणं झाल्यावर."

"आणि मला आधी सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"म्हटलं, पुरतं होऊ दे, मग कळवू."

तिकडून असा हंबरडा फुटला की आईने खिडकीशी बसूनच विचारलं, "कोण रडतंय रे? दे इकडे फोन."

आईचा आवाज ऐकून ताईचं रडणं थांबलं. मग मला तोंडाला येईल ते बोलली. ते संपल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आहे ना अजून? पण ती रेघ तर तळाला टेकलीय रे! मी निघाले."

दुसऱ्या दिवशी ताई आली, तिच्यामागोमाग धाकटा. आईला कोणी काही कळू द्यायचं नाही, 'सहज आलो' म्हणायचं, असं ठरलं. ताईने आईचे केस विंचरले, नखं कापली. धाकटा एवढा मोठा बाप्या, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. आई भरभरून बोलत होती, आम्हाला रागावत होती, दोनदा वाढून घेत होती. आम्ही भावंडं एकेक करून स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसून जात होतो. "एकेकाने रडा," बायको म्हणाली, "मला भाजी चिरायला जागा ठेवा."

मग पुन्हा वजनाचा दिवस आला. आकडा किंचित वर गेला होता. तो भरायला मी फाइल उघडली आणि प्रथमच माझं लक्ष डावीकडच्या उभ्या रेघेवर गेलं. तळाला शून्य नव्हतं. तळाला एक्कावन्न होतं आणि माथ्याला साडेबावन्न. आमचा सगळा कडेलोट दीड किलोचा होता! मी तळाला शून्य टाकलं, तर रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ. (हे शिकवलं तेव्हा मी चहाला गेलो होतो.)

गप्प बसता आलं असतं. बाहेर आई हसत होती, ऐकू येत होतं. पण जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी समजलं होतं, ते पोटात राहणार कसं? दोघांना स्वयंपाकघरात बोलावून हातात झारा घेऊन मी व्याख्यान दिलं. ग्राफ नुसता बघायचा नाही, आधी तळाला काय आहे ते बघायचं, पुन्हा कोणी फसायचं नाही! ताईने मला मिठी मारली. धाकट्याने घड्याळ बघितलं.

"म्हणजे आई ठणठणीत आहे. मग मी संध्याकाळची गाडी पकडतो. सुट्टी उगाच गेली."

"मीही निघते," ताई म्हणाली. "पोरांच्या परीक्षा आल्यात."

त्या रात्री आईने पुन्हा अर्धं ताट तसंच ठेवलं.

"रेघ सरळ केलीस म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"ताईनेच, निघताना. आल्या आल्याही तिनेच गळ्यात पडून सगळं सांगितलं होतं. फोटोही दाखवला होता. मी म्हटलं, असू दे. पोरं येतायत तर चार दिवस मरायला टेकल्यासारखं करू."

"पण आई, चूक होती ती."

"एवढ्या चुका केल्यास जन्मभर. एक कामाला आली, तर नेमकी तीच सुधारलीस." तिने ताट बाजूला सारलं. "परत तशीच कर ना रे."

मला नाही म्हणवलं नाही. तळाला पुन्हा एक्कावन्न टाकलं, रेघ पुन्हा खाली आपटली, आणि ग्राफ ग्रुपवर पाठवला. आई खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली.

धाकट्याचं उत्तर लगेच आलं. 'दादा, तळाला शून्य घे.' त्यावर ताईने अंगठा दाखवला.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं. "कधी निघतायत?"

मी फोन पालथा ठेवला. आयुष्यात एकदाच मी कोणाला काही शिकवलं होतं, आणि ते दोघांच्याही पक्कं लक्षात राहिलं होतं.