जगधनेकाका आणि गांधीलमाशी

नवी ओळख झाली की कुणी गाव विचारतं, कुणी पगार. आमच्या शेजारचे जगधनेकाका विचारायचे, "गांधीलमाशी चावल्याली का कधी?"

नव्वदच्या सुमाराला आम्ही सावेडीत घर बांधलं. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी फरशीचं कौतुक केलं. काका मात्र मान वर करून खिडक्यांचे छज्जे तपासत फिरत होते, कुठं पोळं लागलंय का म्हणून. मग थेट माझ्या बायकोला तोच प्रश्न. सुनंदा भाबडेपणानं म्हणाली, "हो, लहानपणी पारनेरला. हात कोपरापर्यंत सुजला होता."

"मंग वैनी, तुमी जपून ऱ्हावा," एवढं बोलून काका पंगतीला बसले. शुभकार्यात हे काय बोलणं! मी दोन दिवस धुसफुसत होतो.

काका देवळाली प्रवऱ्याच्या एका दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होते. आता इथं एकटेच राहायचे. त्यांच्या चष्म्याच्या घरात इंजेक्शनची सुई आणि औषधाची काचेची कुपी असायची. चष्मा आपला सदऱ्याच्या खिशात. तीनदा फुटला, पण त्याला घर काही मिळालं नाही. लग्नात जेवताना ते शेजारच्याला समजवायचे, "माशीच्या इषात प्रोटीन असतंय. पहिल्या खेपंला अंग निस्ता चेहरा बघून ठिवतं. दुसऱ्या खेपंला वळखतं, अन् एखाद्याचं अंग असं पिसाळतं की सोताचाच गळा आवळतं. माशीला काय बोल लावायचा?" शेजारच्याची जिलबी पानात तशीच राहायची.

एका रविवारी सुनंदा वाळलेले कपडे काढत होती. चादरीच्या घडीतून माशी निघाली नि मनगटाला चावली. मी आपला स्वयंपाकघरात चुना शोधायला. बाहेर येतोय तर तिचे ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, श्वास घेता येईना."

मी "काका!" म्हणून ओरडलो. साठी उलटलेला तो माणूस बनियनवरच कुंपण ओलांडून आला. साडीवरूनच तिच्या मांडीत सुई दिली, "बघत काय बसलाय, रिक्षा आना!" म्हणून माझ्यावर खेकसला. दवाखान्यात दुपारभर ते तिची नाडी धरून बसले होते. सुई वेळेवर पडली म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सुनंदानं चहा मागितला. काका उठून व्हरांड्यात गेले. मी मागोमाग जाऊन पाया पडायला वाकलो, तर मलाच धरून ढसाढसा रडायला लागले.

"आमच्या मंडळींना उसाच्या बांधावर चावली हुती. दुसरी खेप. गळ्यात कसंतरी हुतंय म्हनली. मला कामावर जायची घाई. कंपाउंडर ना मी, मला लई कळतंय! म्हनलो, चुना लाव अन् पड घटकाभर, काय हुत न्हाई." त्यांनी पालथ्या हातानं डोळे पुसले. "सांजच्याला आलो तर चुना लावून निजल्याली. माझं समदं ऐकायची हो ती."