मॅनेजरला न बोलावता

आमच्या कॉलनीतले भालेराव कुठेही जेवायला बसले, की चौथ्या-पाचव्या घासाला त्यांची हाक ठरलेली असे : "मॅनेजरला बोलवा!" मिसळीबरोबरचा पापड मऊ निघाला, तरी मॅनेजर. पुतण्याच्या लग्नात मठ्ठा आंबट लागला, तेव्हाही त्यांनी भर मांडवात हीच मागणी केली. मांडवात मॅनेजर कुठला असणार? शेवटी बिचारे नवरीचे वडीलच हात जोडून पुढे आले.

अशा माणसासोबत नाशिकच्या एका जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात रात्रभर राहण्याचे मी कबूल केले. त्यांच्या पत्नीने, कमलवहिनींनी, लग्नाच्या वाढदिवसासाठी तिथली खोली हौसेने ठरवून ठेवली होती. दिवाळीनंतर त्या अचानक गेल्या. भालेरावांनी खोली मात्र रद्द होऊ दिली नाही. "जाधव, तुम्ही चला. एकटा राहिलो तर भिंतींशी भांडेन," ते म्हणाले.

खोली पाहून मी हादरलोच. इंग्रजांच्या काळातले म्हणून मिरवल्या जाणाऱ्या छताचे पोपडे उशीवर पडले होते. नळाला आधी खोकला आला, मग तांबूस पाणी. मी पलंगावर टेकलो, तर खालची फळी निसटून थेट जमिनीजवळ पोहोचलो. तिथूनच मी भालेरावांकडे मोठ्या आशेने पाहिले.

"हवेशीर आहे," ते म्हणाले.

इतका धक्का मला त्या पलंगानेही दिला नव्हता. जेवणात वरण गार होते. भालेराव मुकाट जेवले. सकाळी चहात मुंगी निघाली. ती त्यांनी बोटाने अलगद बाहेर काढली. मी स्वभावाने भिडस्त, पण अखेर मलाच राहवेना. "भालेराव, मॅनेजरला बोलवू का?"

त्यांनी चहा ठेवून जाणाऱ्या वयस्क वेटरकडे पाहिले.

"नको हो. मी ओरडून बाहेर पडलो, की कमल रुमाल विसरल्याचं सांगून परत आत जायची. त्या माणसाला म्हणायची, मनावर घेऊ नका, यांच्या पोटात काही नसतं. तिला वाटायचं, मला ठाऊक नाही."

"आणि तुम्हांला ठाऊक होतं?"

"म्हणून तर बिनधास्त ओरडायचो." त्यांनी कप खाली ठेवला. "आता ओरडलो, तर तो माणूस दिवसभर तसाच राहील ना, जाधव."

एवढ्या वर्षांच्या शेजारात मी या माणसाचा केवळ आवाजच ऐकला होता.

वेटर कप न्यायला आला. "चहा छान होता," भालेराव त्याला म्हणाले. सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट म्हणता आले नाही.