चारमिनारात एकही पोतं बसत नाही

माझे थोरले चुलत सासरे, आप्पा, कुठलीही मोठी इमारत बघितली की आधी पायातला जोडा काढत, मग भिंतीला तळहात लावत आणि विचारत, "ज्वारीची किती पोती बसत्याल हितं?"

देऊळ असो, किल्ला असो, धाराशिवची कचेरी असो, प्रश्न एकच. उत्तरही स्वतःच देत. मग ओल आहे का बघत, उंदरांची वाट कुठून आहे ते बघत आणि त्या इमारतीला पास किंवा नापास करत.

कळंबला आप्पांची धान्याची आडत होती. पोत्यात खुपसून दाणे काढायची वीतभर लोखंडी नळी त्यांच्या बंडीच्या खिशात कायम असायची. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवण, वाचन विचारलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण लाजेनं तोंडातून शब्द निघेना. आप्पांनी खिशातून चार दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "नवी का जुनी?" मी एक दाणा दाताखाली धरला आणि म्हटलं, "जुनी." आप्पा उठलेच. "पसंत हाय पोरगी. चला."

आमच्या यांचे वडील लवकर गेले. आप्पांनीच यांना वाढवलं, आणि स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून आमच्या लॉरीला मागं कोळशाची भट्टी बसवली होती, तिच्या वायूवर ती चालायची. त्या उन्हाळ्यात करडईच्या तेलाचे डबे गुलबर्गा, बीदर करत हैदराबादेला पोचवायचे होते. लॉरी हे चालवणार होते. आप्पा सासूबाईंना म्हणाले, "तीन वर्सं झाली, पोरगी चुलीपुढं बसलीया. तिलाबी गावं बघू द्या."

"सून काय लॉरीत बसून हिंडती व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"म्या हाय की संगं."

अशी मी निघाले. आणखी एक काम होतं. हैदराबादेत माझी मावसबहीण गंगाक्का वकिलाच्या घरी दिलेली होती; माझ्या लग्नाला तिला येता आलं नव्हतं. तिच्या दिराला माझी धाकटी बहीण करून घेतात का, ते चाचपायचं होतं. आईनं निरोप धाडला होता, "नीट वाग. आपली माणसं चांगली दिसू देत."

नळदुर्गाला आम्ही पाणीमहाल बघितला. बंधाऱ्याच्या पोटात खोली! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आप्पांनी भिंतीला हात लावला आणि धोतराला पुसला. "वल हाय. एक दाणा टिकायचा न्हाय." नापास. गुलबर्ग्याचा किल्ला पास झाला. बीदरला जुन्या मदरशाच्या दालनात ते पावलं टाकून लांबी मोजू लागले, तर पहारेकरी धावत आला.

"क्या नापते बडे मियाँ?"

"कुछ नै साब. जवारी."

तो इकडंतिकडं ज्वारी शोधू लागला. बाजूला शाळेची पोरं होती, ती खोखो हसली. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि कमानीच्या आड उभी राहिले. आप्पा लांबून ओरडले, "पोरी, आगं बघ, दोन हंगामाचा माल मावंल!"

वाटेत भट्टीत कोळसा घालायचं काम आप्पांनी कुणाला करू दिलं नाही. त्यामुळं हैदराबादेत पोचलो तेव्हा त्यांचे फक्त डोळे आणि दात पांढरे होते. हे आम्हा दोघांना गल्लीच्या तोंडाशी उतरवून डबे पोचवायला बाजारात गेले, ते दुसऱ्या दिवशीच येणार होते.

गंगाक्काचं घर फरशीचं. तिच्या सासूबाई पानाचा डबा घेऊन बसलेल्या, नेसूचं लुगडं इस्त्री केल्यासारखं. मी पाया पडत होते, तेवढ्यात मागं खस्सकन आवाज झाला. पडवीत तांदळाचं पोतं उभं होतं. आप्पांनी त्यात नळी खुपसली होती.

"जुना म्हणून दिलाय जणू," दाणा चावत ते म्हणाले. "नवा हाय. फसवलं तुमाला."

"अगं बाई, हा कोण?" गंगाक्काच्या सासूबाईंनी मला विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढं आईचा निरोप आला. मी म्हटलं, "आमच्या लॉरीवरचा हमाल आहे."

'हमाल आहेत' असंसुद्धा म्हणाले नाही.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग हातातले उरलेले दाणे परत पोत्यात टाकले. काढलेले दाणे ते कधी परत टाकत नसत.

"चुकलं बाईसाब," ते म्हणाले. माझी ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली, आत नेऊन ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन बसले.

मला पाटावर बसवून वाढलं, पुरणावर तूप धरलं. खिडकीतून आप्पा दिसत होते. पत्रावळीवर दोन भाकरी आणि कोरड्यास. जेवून त्यांनी आपली पत्रावळ आपणच उचलली. मी पुरण बोटानं नुसतं चिवडत राहिले. गंगाक्का म्हणाली, "लाजतेस काय, घे की!"

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका टांग्यातून चारमिनार बघायला गेलो. आप्पा टांगेवाल्याशेजारी, छत्र्या धरून. एवढा मोठा चारमिनार समोर उभा आणि आप्पा गप्प. भिंतीला हात नाही, पावलं नाहीत, पोती नाहीत. बीदरला ओरडले तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. आता वाटलं, ओरडा आप्पा, एकदा तरी ओरडा.

परतीला हे गल्लीच्या तोंडाशीच लॉरी घेऊन थांबले होते. जहिराबाद आलं तेव्हा आप्पा एकदम म्हणाले, "पोरी, चारमिनारात एकबी पोतं बसत न्हाय. चारी बाजूनं उघडं! उंदरं काय, बैल आत येत्याल."

हे इतके हसले की लॉरी रस्त्याच्या कडेला गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "वकिलाकडं कसं केलं?"

"लई बडदास्त," आप्पा म्हणाले. "पाटावर बसवलं. पुरणावर तूप. नगं नगं म्हणलं तरी वाढत हुते."

बहिणीचं लग्न ठरलं. माझ्या माहेरी, धाराशिवला मांडव पडला. आप्पा म्हणजे माझ्या माहेरचे व्याही, पहिला मान त्यांचा. त्यांना तर लग्नाचं भारी वेड. तीन गावं ओलांडून, ओळख नसलेल्या मांडवातही जेवून यायचे. या लग्नासाठी त्यांनी नवा रुमाल आणला होता. निघायच्या सकाळी मात्र गुडघा धरून बसले.

"तुमी व्हा म्होरं. चालवत न्हाय मला."

आदल्या दिवशी त्यांनी दोन मणाचं पोतं हलवलेलं मी बघितलं होतं. हे चिडले, सासूबाई बडबडल्या. सगळ्यांत मलाच ठाऊक होतं की गुडघ्याला काही झालेलं नाही. वकिलाकडची माणसं मांडवात त्यांना ओळखतील, आणि माझं खोटं उघडं पडेल. 'चला आप्पा, मी सांगते सगळ्यांना,' एवढंच म्हणायचं होतं. मी लॉरीत जाऊन बसले.

चार दिवसांनी परत आलो. आप्पा आडतीत पोत्यावर एकटेच बसले होते. मी पदर सावरून समोर उभी राहिले. वाटेत शब्द जुळवून आणले होते.

"आप्पा, हैदराबादेत मी…"

"मांडव केवढा हुता?" त्यांनी मध्येच विचारलं. "किती पोती बसली असती?"

अक्षता टाकायच्या सोडून मी मांडवात तेच मोजत उभी होते. म्हटलं, "दोनशे."

"थप्पी किती उंच धरलीस?"

"तुमच्या डोक्याएवढी."

"मग आडीचशे बसत्याल. हात वर करून लावायचं की."

ते सरकले. शेजारच्या पोत्यावर मला बसायला जागा केली. पोतं धुळीचं होतं, म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते झटकलं. रुमाल नवा होता. दुकानातली घडी मोडलेली नव्हती.