खर्डेकरांच्या पाच शिंका

यशवंत खर्डेकर वारले त्याला आता चौथं वर्ष लागलं, पण सकाळी सहा चाळीसच्या त्यांच्या पाच शिंका अजून घरी येतात.

घर म्हणजे कराडमधल्या कृष्णाकाठ सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शिंका येतात त्या बेसिनपाशी, जिथे खर्डेकर तोंड धुवायचे. पहिल्या तीन लागोपाठ, चौथी जरा थांबून, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत पाचवी. पाचवीला मांडणीवरचे पेले वाजतात. खर्डेकर मोजणी खात्यात होते. चौतीस वर्षं शेताच्या बांधांवरून हिंडण्यात गेली आणि गवताची धूळ नाकात बसली ती कायमची, असं ते सांगत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शिंका आल्या तेव्हा प्रमिलाबाई चहा गाळत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. “गार पाणी डोक्यावर घेऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं,” एवढं त्या म्हणाल्या. मग गाळणं हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. चहा सवयीने दोन कपांचा झाला होता. दुसरा कपही त्यांनीच प्यायला.

सोसायटीचे सेक्रेटरी मुजावर दुसऱ्या दिवशी पहाटेच वर आले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खिशात वही बाळगत.

“वहिनी, खालच्या मजल्यांवरून विचारणा होतेय. मला नोंद घ्यावी लागेल.”

“घ्या ना. बसा. वेळ झालीच आहे.”

सहा चाळीसला शिंका आल्या. मुजावरांनी घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, “वेळेवर आहेत. माझी काही तक्रार नाही.” त्या दिवशी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट क्रमांक नऊसमोर नोंद झाली: राहणाऱ्या व्यक्ती एक, शिंका पाच.

प्रमिलाबाईंचा मुलगा शिरीष बडोद्याला एका औषध कंपनीत होता. वडील असताना तो महिन्यातून दोनदा फोन करायचा, “बरं आहे ना सगळं?” विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या फोनवर असायचा. शिंकांचं कळल्यावर तो रोज सकाळी सहा पस्तीसला फोन करू लागला. पाच मिनिटं मायलेकरं बोलत. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, नात शाळेत गेली का. मग प्रमिलाबाई फोन बेसिनपाशी धरत. पाच शिंका होत. शिरीष म्हणे, “चौथी आज जरा बसल्यासारखी वाटली.” त्या म्हणत, “हवा बदलली आहे.” मग दोघं फोन ठेवत.

असं साडेतीन वर्षं फोनवरच नीट चाललं; शिरीषला इकडे यायला काही जमलं नाही. मग श्रावणात एके दिवशी प्रमिलाबाईंना ओट्यापाशी चक्कर आली. कामवाली येईपर्यंत दोन तास त्या जमिनीवर पडून होत्या. मोडलं काही नाही, पण शिरीषने फोनवर ठरवून टाकलं.

“आई, आता तू एकटी राहायचं नाहीस. मी न्यायला येतोय.”

“आणि यांच्या शिंका?”

“त्यांनाही घेऊन जाऊ.”

“कशा नेणार?”

“येऊन बघतो,” शिरीष म्हणाला.

चार दिवसांची रजा काढून तो आला. दुसऱ्या दिवशी सहाला उठून, दात घासून, बेसिनसमोर खुर्ची टाकून बसला. सहा चाळीस झाले. बेसिनपाशी काहीच झालं नाही. त्याने आईकडे पाहिलं. तेवढ्यात खालून, पार्किंगमधून, पाण्याच्या मोटारीच्या बाजूने पाच शिंका ऐकू आल्या.

“अशा खाली कशा गेल्या?” शिरीषने विचारलं.

प्रमिलाबाई पोळीची कणीक भिजवत होत्या. “तू घरात आहेस ना,” त्या म्हणाल्या. “तू असलास की ते बाहेरच जायचे.”

“कधीपासून?”

“तुझ्या साखरपुड्यापासून.”

शिरीषला आठवायला वेळ लागला. बडोद्याला, सासरच्यांच्या हॉलमध्ये, भटजी संकल्प सांगत असताना वडिलांना, नानांना, शिंका आल्या होत्या. मुलीच्या आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. शुभकार्यात शिंक, म्हणून दोघं-तिघं कुजबुजले. तेव्हा शिरीष सगळ्यांसमोर म्हणाला होता, “नाना, तुम्ही जरा बाहेर जाता का?” नाना उठून गेले होते. जेवणाची पानं वाढल्यावर आत आले, दोन जिलब्या जास्त घेतल्या, व्याह्यांशी पावसापाण्याचं बोलले. शिरीष ते संध्याकाळपर्यंत विसरलाही होता.

“पण ते बडोद्याला यायचे तेव्हा तर रोज सकाळी फिरायला जायचे.”

“आठ मजले उतरून खाली जायचे. शिंका झाल्या की वर यायचे.”

नानांना फिरण्याची आवड आहे असं समजून त्याने त्यांना चालायचे बूट घेऊन दिले होते. नानांनी ते पाच वर्षं वापरले. एकदा तळवा निघाला तर चिकटवून आणले.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“मी म्हटलं होतं सांगते म्हणून. ते म्हणाले, त्याला वाईट वाटेल, राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सहा पस्तीसला शिरीष खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. मुजावर वही घेऊन आधीच आले होते. ठिकाण बदललं की नोंद बदलावी लागते, असं त्यांनी सांगितलं. शिंका मोटारीच्या खोलीपाशी सुरू झाल्या.

“नाना, वर या,” शिरीष म्हणाला.

पहिल्या तीन झाल्या.

“साखरपुड्याच्या दिवशी मी तुम्हाला बाहेर पाठवलं. चार लोक काय म्हणतील म्हणून पाठवलं. चुकलं माझं, नाना.”

चौथी शिंक आली नाही. मुजावर घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, दीड गेलं. शिरीषने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग चौथी आली, अगदी हळू, आणि तिच्या पाठोपाठ पाचवी.

“दोन मिनिटं दहा सेकंद उशीर,” मुजावरांनी लिहून घेतलं. थोडं थांबून ते म्हणाले, “कारण लिहीत नाही.”

पुढच्या सकाळी शिंका पहिल्या मजल्यावर, कदमबाईंच्या दारासमोर आल्या. कदमबाईंनी त्या दिवसापासून रांगोळी जरा भिंतीकडे सरकवून काढली, जाण्यायेण्याला अडचण नको म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिंका दुसऱ्या मजल्यावर होत्या. शिरीषची रजा संपली होती. त्याने साहेबांना फोन करून वाढवून मागितली आणि कारण खरं तेच सांगितलं.

“किती मजले राहिलेत?” साहेबांनी विचारलं.

“एक.”

“मग घ्या. अर्ध्यावर सोडून येऊ नका.”

पण तिसऱ्या मजल्यावर शिंका आल्या नाहीत. सलग दोन सकाळी त्या दुसऱ्या मजल्यावरच झाल्या. शिरीष जिन्यात उभा राहून रोज तेच सांगत होता. त्याचा आवाज आता बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, नानांनी काही पूर्ण माफ केलेलं नाही, आणि तो घरात येऊन बसून राहिला.

“रागाचं काही नाही रे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “त्यांचे गुडघे. दुसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागायचा.”

मुजावरांनी सोसायटीच्या ऑफिसातली एक प्लास्टिकची खुर्ची आणून दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याशी ठेवली आणि वरच्या वळणावर दुसरी. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला पाच शिंका घरात, बेसिनपाशी झाल्या. शिरीष दोन हातांवर उभा होता. पाचवीला पेले वाजले. प्रमिलाबाईंनी न विचारता तीन कप चहा ठेवला.

आता नेण्याचा प्रश्न होता. शिरीषने मुजावरांना विचारलं की अशा बाबतीत काय पद्धत आहे.

“पद्धत साधी आहे,” मुजावर म्हणाले. “आधी त्यांना विचारायचं. खर्डेकरसाहेब आयुष्यात कधी न सांगता कुठे गेले नाहीत. त्यांनाही कुणी न विचारता नेऊ नये.”

रविवारी सकाळी तिघं बेसिनसमोर जमले. प्रमिलाबाई चांगलं लुगडं नेसल्या होत्या. सहा एकोणचाळीसला त्या म्हणाल्या, “अहो, मला आता एकटीला झेपत नाही. शिरीषकडे जायचं म्हणतेय. तुम्ही येणार का?”

लगेच पहिली शिंक आली.

शिरीषचा चेहरा पडला. “आई, निघायचं म्हटल्यावर शिंक. हा नकार समजायचा का?”

“थांबा,” मुजावर बोट वर करून म्हणाले. बाकीच्या चार झाल्यावर त्यांनी वही उघडली. “एकच आली असती तर विचार करावा लागला असता. पाच आल्या. म्हणजे तब्येत, मन, सगळं रोजच्यासारखं आहे. मी ‘हरकत नाही’ असं लिहितो.”

सोसायटीची सभा गुरुवारी झाली. फ्लॅट क्रमांक नऊमधील एक व्यक्ती व पाच शिंका बडोदे येथे कायमच्या जात असून संस्थेची त्यास हरकत नाही, असा ठराव कदमबाईंनी मांडला. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं की आता सकाळी मुलांना शाळेसाठी उठवायचं कसं. त्यावर चर्चा झाली आणि गजर लावण्याचं ठरलं. मुजावर सगळ्यात शेवटी बोलायला उठले, पण “साहेब वेळेचे पक्के होते” एवढंच म्हणून खाली बसले.

घर आवरायला आठवडा गेला. प्रमिलाबाईंनी मोजणीचे जुने नकाशे, लोणच्याच्या दोन बरण्या आणि पेले बरोबर घेतले. चालायचे बूट माळ्यावर एका खोक्यात सापडले. ते कुणाला द्यायचे का, असं त्यांनी विचारलं. शिरीष “माझ्या मापाचे आहेत” म्हणाला आणि त्याने ते पायात घातले. त्याच्या पायाला ते दोन बोटं मोठे होते, हे त्याने सांगितलं नाही.

गाडी दुपारची होती. शिरीषने दोन खालचे बर्थ काढले होते, समोरासमोर. तिसरं तिकीट काढावं का, यावर त्याने पुष्कळ विचार केला, पण फॉर्ममध्ये वय विचारलं होतं आणि चालू वय धरायचं की थांबलेलं, हे त्याला ठरवता आलं नाही. मुजावर स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं, पण वही काढली नाही.

सकाळी सहा पस्तीसला प्रमिलाबाई उठून बसल्या. सुरत मागे पडलं होतं. खिडकीबाहेर ऊस आणि विटांच्या भट्ट्या पळत होत्या. शिरीषही उठला.

“आल्या असतील ना बरोबर?” त्या म्हणाल्या. “गाडी चुकली असेल तर? मला त्या गर्दीत बघायचं सुचलं नाही.”

“येतील.”

सहा चाळीस झाले. काही नाही. एक्केचाळीस झाले. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. शिरीष उठला आणि डब्याच्या दाराकडे निघाला. तू असलास की ते बाहेरच जायचे, हे त्याच्या डोक्यात होतं. तो बेसिनपाशी थांबला, दाराशी वाकून ऐकलं, दोन्ही बाजूंच्या स्वच्छतागृहांची दारं वाजवली. आतून एका माणसाने हिंदीत ओरडून विचारलं, काय काम आहे. शिरीष परत आला आणि आईशेजारी बसला. तिने त्याचा हात धरला.

तेव्हा अगदी त्यांच्या डोक्यावर, शिरीषच्या बर्थच्या वरच्या रिकाम्या बर्थवर, पहिली शिंक आली. मग दुसरी आणि तिसरी.

याच वेळी तिकीट तपासनीस सुरतला चढलेल्या एका प्रवाशाला घेऊन तिथे आला. प्रवाशाकडे मोठी बॅग होती आणि जागा नव्हती. तपासनीसाने हातातल्या यंत्रात पाहिलं. “हा वरचा रिकामा आहे,” असं तो म्हणत होता, तोच चौथी शिंक आली. त्याने मान वर केली. वर घडी घातलेली चादर आणि उशी होती. पाचवीला खिडकीची काच हादरली.

“वर कोण आहे?” त्याने विचारलं.

“माझे मिस्टर,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“सर्दी झालीय का?”

“नाही. सवय आहे.”

“वय?”

प्रमिलाबाईंनी शिरीषकडे पाहिलं. शिरीषने चालू वय सांगितलं, “एकोणऐंशी.”

तपासनीसाने यंत्रावर काहीतरी टिपलं आणि सुरतच्या प्रवाशाकडे वळला.

“तुम्ही पुढे चला, एकवीस नंबर बघू,” तो म्हणाला. “इथे ज्येष्ठ नागरिक आहेत.”